फॉरेन की आहे ना, मग परत कशाला तपासता?

जळगावात आमच्याकडे येणारं प्रत्येक नवं पोरगं पहिल्याच आठवड्यात हे विचारतं. मी दोन वाक्यांत वाटेला लावतो, ते तोंड पाडून जातं. आज एकदाच नीट सांगतो. फॉरेन की म्हणजे एका तक्त्यात लिहिलेला आयडी दुसऱ्या तक्त्यात खरंच आहे ना, हे बघणारा डेटाबेसचा नियम.

धरणगावकडच्या एका जिनिंगसाठी जँगोत (पायथॉनमधलं वेब फ्रेमवर्क) आणि त्याच्या रेस्ट फ्रेमवर्कमध्ये काटा पावतीचं काम केलं होतं. पावतीत शेतकऱ्याचा आयडी, त्याच्या बँक खात्याचा आयडी. दोन्ही फील्डना क्वेरीसेट, म्हणजे आयडी कुठल्या नोंदींत शोधायचा ती यादी, दिला तो सरसकट सगळ्या नोंदींचा. आयडी घेणारं प्रायमरी की रिलेटेड फील्ड दिलेल्या क्वेरीसेटमध्ये आयडी सापडतो का, एवढंच बघतं. डेटाबेसची फॉरेन कीसुद्धा तेवढंच. खातं त्याच शेतकऱ्याचं आहे का, हे दोघांनाही कोणी सांगितलं नव्हतं. सांगायचं होतं मी.

ऐन हंगाम, काट्यावर गाड्यांची रांग. काटेवाल्याने शेतकरी बदलला, पण खात्याच्या ड्रॉपडाउनमध्ये आधीच्याचंच खातं राहिलं. सर्व्हरने 201, म्हणजे ‘नोंद झाली’, असं उत्तर दिलं. 22 क्विंटलचे पैसे दुसऱ्याच्या खात्यात.

तिसऱ्या दिवशी ज्यांचा कापूस होता ते शेतकरी बाबा आले. प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेली पावती काढून मुनीमजींच्या टेबलावर मांडली. "मना कापूस, अन् पैसा दुसराले?" मी लॅपटॉप उघडून बघितलं आणि म्हणालो, "बाबा, सिस्टिममध्ये तर बरोबर दिसतंय." ते काही बोलले नाहीत, पावतीवरची सही बोटाने दाखवत राहिले. वेचणीच्या बायांची मजुरी त्यांनी उसनवारीवर भागवली होती, हे मला नंतर मुनीमजींकडून कळलं. पैसे परत आले, पण माझं ते वाक्य काही परत आलं नाही.

फ्रंटएंडची, म्हणजे काटेवाल्यासमोरच्या स्क्रीनची, चूक होती, हे मी आजही म्हणतो. पण फ्रंटएंड चुकणारच, हे तेव्हाही मला माहीत होतं. "एवढं कोण तपासतं?" म्हणणारा मीच.

मग सिरियलायझरच्या, म्हणजे आलेला डेटा तपासून आत घेणाऱ्या कोडच्या, व्हॅलिडेटमध्ये शेतकरी आणि खात्याचा मेळ घातला, तोही अर्धाच. पॅचमध्ये, म्हणजे पावतीतला थोडाच भाग बदलणाऱ्या विनंतीत, नुसतं खातं आलं की शेतकरी डेटात नसतोच, तो सेल्फ डॉट इन्स्टन्सवरून, म्हणजे आधीच साठवलेल्या पावतीवरून, घ्यावा लागतो. हे पुढच्या तक्रारीनंतर सुचलं.

"मग मॉडेलच्या क्लीनमध्येच टाका ना!" टाकलं असतं, पण क्लीन ही मॉडेलची (तक्त्याच्या कोडची) स्वतःची तपासणी, आणि मॉडेल सिरियलायझर तिला आपणहून बोलावत नाही, जँगोचा ॲडमिन (नोंदी हाताने भरायचं पान) बोलावतो. म्हणजे नियम दोन्हीकडे लिहा, नाहीतर एक दार उघडं ठेवा. मी दोन्हीकडे लिहितो आणि दर वेळी चिडतो. एक्सेलमधून जुन्या पावत्या भरणारी स्क्रिप्ट मात्र बल्क क्रिएट (एका फटक्यात अनेक नोंदी भरणं) वापरते, ती दोन्ही दारं टाळून थेट आत जाते. तीही मीच लिहिलीय, अजून चालू आहे.