मसाकाच्या केळीबागांमध्ये: युगांडाला मिशनसाठी जाणाऱ्यांना थोडं सांगायचंय

युगांडाहून परत आल्यापासून वसईतली बरीच मुलंमुली विचारतात की तिकडे नेमकं करायचं काय, राहायचं कसं, घरच्यांना पटवायचं कसं, तर प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते. मी सिस्टर नाही, व्रत घेतलेलं नाही, बीएड झाल्यावर सिस्टरांच्या एका संस्थेबरोबर प्रापंचिक मिशनरी म्हणून वर्षभरासाठी गेले होते. जागा म्हणजे मसाका धर्मप्रांतातलं (बिशपांच्या हाताखालचा भाग) एक खेड्यातलं धर्मग्राम, म्हणजे पॅरिश. कंपालाहून मसाका साधारण 130 किलोमीटर, वाटेत कायाब्वेला विषुववृत्ताची खूण लागते, तिथून पुढे दोन्ही बाजूला केळीच केळी. वसईतल्या वाड्या आता बिल्डिंगांनी खाल्ल्या, त्यामुळे आमच्या आजोबांच्या वेळची वसई बघतेय असं वाटून मला पहिल्याच दिवशी भरून आलं होतं.

आधी कागदपत्रं, कारण इथेच लोक अडकतात. यलो फीवरची लस सक्तीची आहे, सरकारमान्य केंद्रातच घ्यायची, निघायच्या निदान 10 दिवस आधी, आणि त्या लसीचं पिवळं कार्ड पासपोर्टला जोडूनच ठेवायचं. ती एकदा घेतली की आयुष्यभर चालते. टुरिस्ट व्हिसा ऑनलाइन मिळतो पण त्यावर जाऊन शाळेत शिकवू नका, पगार नसला तरी ते काम धरलं जाऊ शकतं, म्हणून तिकडच्या धर्मप्रांताकडून किंवा संस्थेकडून परमिटचं काय ते आधी लेखी मागून घ्या. पासपोर्ट ऑफिसचं पोलीस क्लिअरन्स, तुमच्या फादरांचं पत्र आणि डिग्रीच्या अटेस्टेड कॉप्या लागतात, मुलांमध्ये काम असेल तर सेफगार्डिंगचं, म्हणजे मुलांच्या सुरक्षिततेचं, ट्रेनिंग इथेच करून घ्या. आणि मुलांचे फोटो स्टेटसला टाकायची सवय असेल तर ती इथेच सोडून जा, कुणाच्या गरिबीचे फोटो आपल्या मित्रांना दाखवायला आपण चाललेलो नाही, याबाबतीत मी खूप ठाम आहे.

मुंबई-एन्टेबी थेट विमान 2023 पासून सुरू झालंय, तारखा बघून घ्या. डॉलर नेले तर नव्या कोऱ्या नोटा न्या, जुन्या छापाच्या नोटांना भाव कमी देतात नाहीतर घेतच नाहीत. सिम पासपोर्ट दाखवून मिळतं, एअरटेल तिकडेही आहे, आणि मोबाइल मनी लगेच चालू करा कारण खेड्यात सगळे व्यवहार त्यावरच. प्लग ब्रिटिश पद्धतीचा, चपट्या तीन पिनांचा. टॉर्च न्याच. आणि स्वेटर न्या, आफ्रिका म्हणून कुणी नेत नाही पण हा भाग उंचावर आहे, पावसात रात्री चांगलीच थंडी वाजते. पाऊस वर्षातून दोनदा, मार्च ते मे आणि पुन्हा सप्टेंबर ते नोव्हेंबर, तेव्हा लाल मातीचे रस्ते इतके निसरडे होतात की बोडाबोडा म्हणजे मोटारसायकल-टॅक्सी घसरतेच, हेल्मेट स्वतःचं ठेवा आणि अंधार पडल्यावर बसू नका. मलेरियाच्या गोळ्यांचं डॉक्टरना विचारा, मच्छरदाणी रोज, कंटाळा न करता. व्हिक्टोरिया सरोवर सुंदर आहे पण पाण्यात पाय घालून बसू नका, बिलहार्झिया, म्हणजे पाण्यातून होणारा जंतांचा आजार, होतो.

दिवस पहाटे सुरू व्हायचा. साडेपाचला उठणं, लुगांडा भाषेतली प्रार्थना, मिस्सा (चर्चमधली मुख्य उपासना), मग चहा आणि शाळा. मी पाचवी-सहावीला गणित आणि इंग्रजी शिकवायचे, एका वर्गात आपल्याकडच्या दोन वर्गांची मुलं, शाळेत येण्याआधीच त्यातल्या कितीतरी मुलांनी 20 लिटरचा पिवळा जेरीकॅन विहिरीवरून भरून घरी पोचवलेला असायचा. दुपारी पोशो म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड आणि बीन्स, रोज. मातोके मात्र घरोघरी, हिरवी केळी सोलून केळीच्याच पानात बांधून वाफवतात आणि पानातल्या पानात दाबून मऊ करतात, वर शेंगदाण्याचं कालवण, मला ते इतकं आवडायला लागलं की इथे आल्यावर करून बघितलं पण ती केळी नाहीत तर चव नाही. फणस भरपूर, सरोवरातली बारीक सुकी मासळी मिळते (वसईकरांनी काळजी करू नये), आणि नोव्हेंबरच्या आसपास नसेनेने, म्हणजे तळलेले नाकतोडे, मसाका त्यासाठीच प्रसिद्ध आहे. कुणी प्रेमाने पुढे केले तर खा. चपाती तर तिकडे रस्त्यावर मिळते, ती भारतीयांबरोबर आली, आणि हेही माहिती करून जा की 1972 मध्ये इदी अमीनने तिथल्या आशियाई लोकांना 90 दिवसांत देश सोडायला लावला होता, त्यामुळे तुम्ही भारतीय म्हटलं की आधी दुकानदार समजतात. वाईट वाटून घेऊ नका, मिशनरी भारतातूनही येतात हे बऱ्याच लोकांना नवीन असतं.

आता मुख्य गोष्ट. आपण निघतो तेव्हा डोक्यात असतं की आपण विश्वास घेऊन चाललोय. तिथे गेलं की कळतं विश्वास कधीचाच तिथे आहे आणि आपल्यापेक्षा घट्ट आहे. कॅथलिक मिशनरी एन्टेबीजवळ उतरले 1879 मध्ये, अँग्लिकन त्यांच्या दोन वर्षं आधी. 1882 मध्ये कॅथलिक फादर धोका बघून सरोवराच्या दक्षिणेला निघून गेले आणि 1885 मध्ये परत आले, तर मधल्या काळात मंडळी वाढलेली होती, नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्याही लोकांनी एकमेकांना शिकवून ती वाढवली. पुढच्याच वर्षी बुगांडाचा राजा म्वांगाच्या दरबारातल्या ख्रिस्ती तरुण मुलांना कंपालाजवळच्या नामुगोंगोला जाळलं, 3 जून 1886. त्या मुलांचा पुढारी चार्ल्स लुवांगा स्वतः तरुण, फादर नव्हे, अटक व्हायच्या आदल्या रात्री त्यानेच किझिटोला बाप्तिस्मा दिला, किझिटो जेमतेम चौदाचा. अशी 22 कॅथलिक रक्तसाक्ष्यांची, म्हणजे विश्वासासाठी जीव दिलेल्यांची, नावं 1964 मध्ये संतांमध्ये घेतली गेली, त्यांच्याबरोबर अँग्लिकन रक्तसाक्षीही मारले गेले होते. मसाकाला 1939 मध्येच स्वतःचे बिशप मिळाले, जोसेफ किवानुका, आधुनिक काळातले लॅटिन रीतीतले पहिले कृष्णवर्णीय आफ्रिकन बिशप. हे सगळं मी तिथल्या लोकांकडून ऐकलं, अगदी आपल्या घरातलं कुणी असल्यासारखं ते सांगतात.

आणि आज हे सगळं चालतं कॅटेकिस्टवर, म्हणजे धर्मशिक्षण देणाऱ्या गावातल्याच साध्या माणसावर. एका धर्मग्रामाखाली कितीतरी उपकेंद्रं, फादर तिथे महिन्यातून एखाद्या वेळी पोचतात, बाकीचे रविवार कॅटेकिस्ट प्रार्थना घेतो, मुलांना शिकवतो, आजाऱ्यांकडे जातो, मेलेल्याला मातीही तोच देतो. आमच्याकडचे कॅटेकिस्ट केळी-कॉफीची शेती करून हे करायचे, मानधन जवळजवळ नाहीच. शनिवारी मी त्यांच्याबरोबर चालत जायचे, ते सायकल हातात धरून चालायचे, कारण मी बरोबर असताना त्यांनी बसून जाणं त्यांना बरं वाटायचं नाही. माझ्याकडे सांगण्यासारखं काम नसायचं. मी सोबत असायचे, बस.

एका जाजाकडे, म्हणजे आजीकडे, आम्ही ठरलेले जायचो. 1982 मध्ये एड्सचे युगांडातले पहिले रुग्ण सापडले ते शेजारच्या राकाई भागात, तो आजार या सगळ्या पट्ट्यातून गेला, मधली पिढी गेली आणि आज्यांनी नातवंडं वाढवली. या जाजानेही. तिची मुलं घरामागे केळीबागेतच पुरलेली आहेत. आम्ही गेलो की ती गुडघे टेकून स्वागत करायची, तिकडे बायका तसंच करतात, मला ते बघवायचं नाही पण ती तिची रीत, मग मीही चटईवर तिच्यासमोर गुडघ्यावर बसायचे. नमस्कारच पाच मिनिटं चालायचा, रात्र कशी गेली, घरचे कसे, काम कसं, गुरं कशी. कॅटेकिस्टनी आणलेला ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) घेतल्यावर ती बराच वेळ गप्प राहायची, मग आतून एका कापडात बांधलेली अंडी आणून माझ्या हातात द्यायची. तिच्या घरात तेवढीच असणार हे मला दिसायचं. कॅटेकिस्टनी मला पहिल्यांदाच सांगून ठेवलं होतं, नाही म्हणायचं नाही, तिच्याकडे देण्यासारखं आहे हा तिचा मान आहे. मी घ्यायचे. शुभवर्तमानात गरीब विधवेच्या दोन नाण्यांचं वाचन, तिने मंदिरात आपल्याजवळचं होतं नव्हतं ते सगळं टाकलं ते, लहानपणापासून ऐकलं, त्यावर वर्गात प्रश्नोत्तरंही केली, पण त्या नाण्यांच्या समोर घेणारा म्हणून उभं राहिल्यावर ते वाचन पार वेगळं होऊन जातं. देताना माणूस मोठा होतो, घेताना लहान व्हावं लागतं, आणि मिशनरीला हे दुसरंच जास्त लागतं असं मला आता अगदी मनापासून वाटतं.

एकटेपणा येतो, हे लपवत नाही. पहिले काही महिने भाषा येत नाही, दोन-अडीच तास चालणाऱ्या मिस्सेत ढोल वाजतायत, अर्पणाला कोंबड्या, केळीचे घड, भोपळे येतायत, मिस्सा झाल्यावर त्यांचा लिलाव होतोय, सगळे हसतायत आणि आपल्याला काहीच कळत नाही. प्रार्थनाही कोरडी होते. तेव्हा मला मराठी जपमाळेने धरून ठेवलं, रात्री लाइट गेले की मी आमच्या घरच्या चालीवर एकटीच म्हणायचे. तुम्हीही तुमच्या भाषेतलं प्रार्थनापुस्तक न्या, मोबाइलवरचं नको, छापलेलं. आणि भाषेला पहिले तीन महिने पूर्ण द्या, दुसरं काही काम मिळालं तरी. आपल्या वसईचा संत गोन्सालो गार्सिया जपानी बोलायचा म्हणून तिथे फ्रान्सिस्कनांचा दुभाषा झाला आणि 1597 मध्ये नागासाकीला क्रुसावर गेला, ख्रिस्तपुराण लिहिणारे इंग्रज फादर थॉमस स्टीफन्स 1579 ला गोव्यात आले आणि मराठीत ओव्या रचण्याइतके शिकले. आपण निदान बाजारात भाव करण्याइतकं आणि आजाऱ्याची विचारपूस करण्याइतकं तरी शिकलंच पाहिजे.

जमलं तर 3 जूनला नामुगोंगोला जा, पण गाडीने नको, निदान शेवटचा टप्पा तरी लोकांबरोबर चालत. देशभरातून आणि शेजारच्या देशांतूनही लोक कित्येक दिवस चालत येतात, म्हातारे, बाळं पाठीला बांधलेल्या बाया. पाण्याची बाटली, टोपी, जुने बूट (नवे अजिबात नकोत), पासपोर्टची झेरॉक्स, आणि मोबाइल आतल्या खिशात, गर्दी प्रचंड असते.

परत येताना पिवळं कार्ड हातातल्या बॅगेत ठेवा, ते नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत क्वारंटाइन करू शकतात. आणि आल्यानंतर काही आठवड्यांनी, अगदी काही महिन्यांनीही ताप आला तर घरी पॅरासिटामॉल घेत बसू नका, डॉक्टरकडे जाऊन आधी हेच सांगा की मी युगांडाला राहून आलेय, मलेरियाची टेस्ट करा.