अर्धा कोयता

सिंहगड रोडला माझा छोटा स्टुडिओ आहे. एक बूथ, एक एसी, आणि तोही टेक चालू असताना बंद ठेवावा लागतो. मार्च महिन्यात बीडकडचा एक पंचविशीतला पोरगा स्वतः रचलेलं गाणं घेऊन आला. सोबत हलगीवाला मित्र. चार तासांची एकच शिफ्ट घेतली होती, पैसे मोजून आणलेले. म्हणून घाई त्याच्यापेक्षा मलाच जास्त.

मुखडा होता, ‘बाप गेला, माय झाली अर्धा कोयता.’

मी म्हटलं, ‘‘अर्धा काय? मोडका म्हण, नाहीतर बोथट. ऐकणाऱ्याला कळायला नको?’’ वीस वर्षं लोकांची गाणी रेकॉर्ड करतोय, असले आगाऊ सल्ले माझ्या जिभेवर तयार असतात.

तो हसला. ‘‘सर, ऊसतोडीत कोयता म्हंजी जोडी. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम आगाऊ उचल देतो ती कोयत्यावर. एकटं माणूस म्हंजी अर्धा.’’

वडील गेले त्या वर्षी आईला निम्मीच उचल मिळाली. आधीची फिटायची राहिलेली होती, तीही तिच्याच अंगावर. दिवाळी झाल्यावर तिनं ह्याला शाळेतून काढलं आणि फडावर नेलं. वय अकरा. राहिलेला अर्धा कोयता तो.

मी शब्दाला परत हात लावला नाही.

खरी पंचाईत पुढे झाली. हेडफोनमध्ये क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, लावून दिली, तर गडी काही केल्या तिच्याबरोबर चालेना. सात टेक झाले. आधी वाटलं, सवय नसेल. मग लक्षात आलं, लयीत कच्चा माणूस कधी पुढे पळतो, कधी मागे पडतो. हा दर वेळी चौथ्या ठोक्यालाच रेंगाळत होता, आणि दर वेळी तेवढाच.

विचारलं तर तो गोंधळला. मग खुर्चीवरून उठला, वाकला आणि हातानं करूनच बघायला लागला. पहिल्याला बुडाशी घाव. अगदी जमिनीलगत, कारण साखर बुडालाच जास्त असते. दुसऱ्याला पाचट सोलायचं. तिसऱ्याला शेंड्याचं वाढं उडवायचं. चौथ्याला ऊस मागं टाकायचा. तिथं त्याचा हात हवेत राहिला.

‘‘मागं मी असायचो सर. मोळी बांधायला. लहान होतो, उरकायचं न्हाई. टाकायच्या आधी माय जरा थांबायची.’’

‘‘चाल बांधताना हे डोक्यात होतं?’’

‘‘न्हाई वो. चाल अशीच आली. तुम्ही इचारलं म्हणून कळलं.’’

जात्यावरच्या ओवीची लय जात्याच्या फेऱ्यातून येते, हे मला ऐकून माहीत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी गावोगाव फिरून लाखभर ओव्या जमवल्या, त्यातलं काही रेकॉर्डिंगही ऐकलेलं. पण समोर बसलेल्या माणसाला मी अर्धा तास तेच चुकतंय म्हणून सांगत होतो.

क्लिक बंद केली. हलगीवाल्याला त्याच्यासमोर बसवलं, तोंडाकडे बघून वाजव म्हटलं. दुसऱ्या टेकला गाणं झालं.

हाती तासभर उरला होता, म्हणून मी हौसेनं सुरुवातीला कोयत्याचा आवाज टाकला, साउंड लायब्ररीतला, लोखंडावर लोखंड. ऐकून दोघंही एकमेकांकडे बघायला लागले.

‘‘खणखण कुठून येणार सर? उसात रस असतो.’’

खाली कोपऱ्यावर रसवंती आहे. तिथून चार ऊस विकत आणले आणि कोयता उसना. बूथमध्ये गोणपाट अंथरलं. पहिला घाव वाया गेला, माइकचा गेन जास्त ठेवला होता. दुसरा नीट आला. ओला, बसका, एखादं जाड पुस्तक मिटल्यासारखा. बाहेर तो ऐकू आला नसता, हेडफोनमध्ये अंगावर आला. कोयता धरताना त्याचं मनगट आपोआप वळलं ते मला काचेतून दिसलं.

कोयता परत करायला गेलो तेव्हा रसवंतीवाला म्हणाला, ‘‘तुकडे कशाला फेकता? आणा, रस काढून देतो.’’ तीन ग्लास आले. मी आणि हलगीवाल्यानं आपापले संपवले.

गाणाऱ्या पोरानं आपला ग्लास माझ्याकडे सरकवला. ‘‘मला चहा सांगा.’’