बाबा अर्ध्या ओवीवर थांबत

आपल्या वारकरी पाठशाळेच्या सुवर्णमहोत्सवाचे निमंत्रण आले आणि तुकोबांच्या गाथेचा पाठ घेणारे बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले. काकडा, मधुकरी, संध्याकाळचा हरिपाठ हे आपणा सर्वांच्या अंगवळणी पडलेले. त्यावर वेगळे काय लिहायचे? आज आमच्या तोंडी जे काही आहे, ते बाबांनी बसवलेले आहे.

अभंग फोडायला घेतला की बाबा शेवटचा चरण आधी पाहायला लावत. ‘तुका म्हणे’ कुठे नेऊन ठेवतो ते कळले, मग ध्रुपद म्हणजे पुन्हा पुन्हा घोळवायचा चरण, मग मधले चरण. नवा कीर्तनकार नेमका इथेच चुकतो. दोन तासांतला दीड तास पहिल्या चरणावर दृष्टांत देण्यात जातो आणि ज्या चरणासाठी अभंग लावला, तो घाईत उरकावा लागतो. लयीचेही तसेच. पखवाज चढला की टाळकरी चढतात, अक्षरे गिळली जातात. म्हणून चाल बसेपर्यंत बाबा पखवाज लावू देत नसत, नुसते टाळ.

वेदपाठशाळेतली घडण निराळी. तिथे गुरुजी एकदा म्हणतात, विद्यार्थी दोनदा. पुढे क्रम, जटा, घन हे पदे गुंफून म्हणण्याचे प्रकार. जटेत दोन पदे सुलट, उलट, पुन्हा सुलट म्हणायची, म्हणजे एकही पद हलत नाही. अनुदात्ताच्या म्हणजे खालच्या स्वराच्या जागी वरचा उदात्त लागला तर ते म्हणणे अशुद्धच. त्या शिस्तीतून तयार झालेला वैदिक एकटा संध्येला बसला तरी त्याची उपासना पुरी असते. त्याची श्रद्धा उच्चारात मुरलेली असते. त्या कष्टांपुढे हात जोडावेत.

जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीत वारकरी शिक्षण संस्था काढून शिक्षणाची जी घडी घातली, तिच्यात मात्र एकट्याने पुरे पडणे नाहीच. मागे विणेकरी, दोन्ही बाजूंना टाळकरी, मध्ये कीर्तनकार. त्याला प्रमाण, म्हणजे आधाराला द्यायची ओवी किंवा अभंग, आठवले नाही तर रांगेतला कोणीतरी ते उचलतो. पण उचलायला सगळ्यांना पाठ हवे ना! ज्ञानेश्वरीचा बारावा अध्याय २४७ ओव्यांचा; रोज पंचवीस धरल्या तर दहा दिवसांचे काम. तरी बाबा त्याला महिना देत, कारण रोज आधी मागचे सगळे म्हणायचे आणि मगच नवे घ्यायचे.

बाबा पाठात मुद्दाम अर्ध्या ओवीवर थांबत. एकदा कोणीच पुढचा अर्धा उचलला नाही. बाबा रागावले नाहीत. टाळ खाली ठेवून तसेच बसून राहिले. शेवटी दारापाशी बसलेल्या सर्वांत लहान मुलाने ती ओवी पुरी केली. बाबांनी त्याला हात जोडले आणि पाठ पुढे सुरू झाला.

अलीकडे कित्येक तरुण कीर्तनकार मोबाइलमध्ये पाहून प्रमाण देतात. आवाज मोठा, पखवाजही दोन-दोन. फार वाईट वाटते, कारण मोबाइल बंद पडला तर मागच्या रांगेतही ती ओवी कोणाला येत नाही. नव्या इमारतीत पाठाची खोली मोठी झाली आहे असे ऐकतो. तिथे रोज एक तास तरी पुस्तक मिटून पाठ व्हावा, एवढे विश्वस्तांना कळकळीचे मागणे आहे.