बाहुली, घड्याळ आणि सरकारचे कान

फेब्रुवारी 2017 मध्ये जर्मनीच्या दूरसंचार नियामक संस्थेने एका बोलक्या बाहुलीवर बंदी घातली. नाव 'केयला'. पोटात मायक्रोफोन, ब्लूटूथ, इंटरनेट. खेळण्याच्या रूपात लपवलेलं, नकळत ऐकणारं यंत्र बाळगायलाच इथे बंदी. मग ते पोरीचं का असेना. मी लायपझिगला राहतो. पूर्व जर्मनीच्या गुप्त पोलिसांचं, श्टाझीचं, कार्यालय इथे आता संग्रहालय आहे. लोकांची पत्रं वाफेवर उघडायची यंत्रं तिथे अजून मांडलेली आहेत. ती पाहिल्यावर बाहुलीची भीती हास्यास्पद वाटत नाही.

नोव्हेंबरात मुलांच्या ऐकणाऱ्या घड्याळांवरही बंदी आली. कारण? आईबाप त्यातून वर्गातल्या शिक्षकांचं बोलणं ऐकत होते!

आमच्या जळगावच्या दादाने पोराला असंच घड्याळ घेतलंय. गोलाणी मार्केटात गल्ल्यावर बसून कॉल लावायचा. तिकडे बेल वाजत नाही, इकडे वर्ग ऐकू येतो. "बाई आज लई तापल्या भो!" मी विचारलं, बाईंना माहीत आहे का? तर म्हणे, "सांगितलं तर त्या खरं कशाला बोलतील? आन् आपल्याला काय लपवायचंय?" दादाला नसेल हो. बाईंचं काय?

दादा ऐकतो ते फुकट ऐकतो, सरकारला ऐकायचं तर कागद लागतो. जर्मन पोलिसांना फोन ऐकायला सहसा न्यायाधीशाची परवानगी लागते. तरी हे काही साधुसंत नाहीत. त्याच 2017 मध्ये संसदेने पोलिसांना संशयिताच्या मोबाईलमध्ये छुपं सॉफ्टवेअर सोडायची मोकळीक वाढवली. लोक कोर्टात गेले. 2025 मध्ये घटना न्यायालयाने, जास्तीत जास्त तीन वर्षं शिक्षेच्या गुन्ह्यांसाठी तसं ऐकणं रद्द केलं.

आपल्याकडे 24 ऑगस्ट 2017 ला सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा मूलभूत हक्क ठरवला. पण फोन ऐकायचा आदेश गृहसचिवाच्या सहीने निघतो आणि त्याची तपासणी करणारी समितीही अधिकाऱ्यांचीच. डिसेंबर 2018 मध्ये दहा यंत्रणांना कॉम्प्युटरमधली माहिती तपासायचे अधिकार दिले गेले, तर 2023 च्या वैयक्तिक माहिती संरक्षणाच्या कायद्यातून केंद्र आपल्या यंत्रणांना सरळ वगळू शकतं. न्यायाधीश यात कुठेच नाही, आणि ज्याचं ऐकलं त्याला ते कळवण्याची तरतूदही नाही. जर्मनीत सहसा नंतर कळवावं लागतं.