पन्हाळ्याचा चढ: दम शिल्लक असतानाच थांबायचं

पाऊस उघडल्यापासून पन्हाळ्याच्या चढावर सायकल चालवताना एकच गोष्ट घोटतोय: कुठं आणि किती वेळ थांबायचं. कोल्हापुरातून अंतर जेमतेम २० किलोमीटर, पण उंची सुमारे ४०० मीटरनं वाढते आणि ती जवळजवळ सगळी शेवटच्या टप्प्यात.

आता पहिला थांबा केर्ली मागं पडल्यावर, घाट लागायच्या आधी. पाय ताजे असतात, थांबावंसं अजिबात वाटत नाही, तरी थांबतोच. पाणी, मूठभर शेंगदाणे, गुळाचा खडा. दुसरा थांबा वाघबीळच्या फाट्यावर. तिथून पन्हाळ्याच्या नाक्यापर्यंत सलग.

थांबा तीन-चार मिनिटांचाच. खाली बसत नाही. सायकल धरून उभा राहतो, दोन पावलं चालतो. जोरात चढून एकदम बसलं की पायातलं रक्त वर यायला वेळ लागतो आणि गरगरतं. घड्याळापेक्षा नाडी बघतो. चढावर मिनिटाला १६५ च्या आसपास असते. १२० च्या खाली आली की निघायचं. त्यापुढं रेंगाळलं की घाम वाऱ्यानं गार होतो, मांड्या आखडतात आणि पहिले दोनशे मीटर जिवावर येतात.

जागा निवडणं तर सगळ्यात महत्त्वाचं. वळणावर कधीच नाही. मागून येणाऱ्या ट्रकला आपण दिसलो पाहिजे. थोडा सपाट तुकडा हवा, आणि तो यायच्या आधीच, पेडल फिरत असतानाच साखळी मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रावर, म्हणजे सगळ्यात हलक्या गिअरवर, आणून ठेवायची. थांबल्यावर गिअर पडत नाही, कारण साखळी फिरल्याशिवाय ती सरकतच नाही. चढावर जड गिअरमध्ये उभी राहिलेली सायकल पुन्हा हलवताना गुडघ्यावर जो ताण येतो, तो त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कळतो.

आमच्या ग्रुपमधला एकजण म्हणतो, "भावा, पाय टेकला की चढाई मोडली." मला हे पटत नाही. २०० किलोमीटरच्या ब्रेव्हेला (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल फेरी) साडेतेरा तास मिळतात आणि थांब्यांचा वेळ त्यातच धरतात. ताशी २० नं चालवलं तर १० तास सायकलवर, साडेतीन तास हातात. नियमानंच एवढी मोकळीक ठेवलीय, ती नीट वाटून वापरावी.

पुढचा टप्पा गगनबावडा, ५५ किलोमीटर. कळे आणि साळवण इथं थांबायचं ठरलंय. गगनबावड्याहून खाली कोकणात जाणारा करूळ घाट उतरतानाही थांबणार. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून बोटं बधिर होतात आणि माझे रिम ब्रेक, म्हणजे चाकाच्या धावेवरच घासणारे, असल्यानं रिम तापते. वर येताना थांबे किती लागतील ते चढूनच ठरेल. नाडीचे आकडे तिथल्या तिथं टिपून ठेवेन आणि पन्हाळ्याच्या आकड्यांशेजारी मांडेन.