मोरचुदाचा निळा रंग जातो तेव्हा

आठवीला विज्ञान शिकवायला लागले तेव्हा पहिली सहा-सात वर्षं मी फळ्यावर एक वाक्य न चुकता लिहीत असे : जो बदल उलटवता येतो तो भौतिक, जो उलटवता येत नाही तो रासायनिक. मुलांना ते पटकन पाठ व्हायचं. बर्फ वितळतो आणि पाणी पुन्हा गोठतं, म्हणून भौतिक. कागद जळतो आणि राखेचा कागद होत नाही, म्हणून रासायनिक. परीक्षेपुरतं ते पुरायचं.

मग एका वर्षी मागच्या बाकावरच्या मुलानं हात वर केला. "मॅडम, काचेचा पेला फुटला तर तो परत सांधत नाही. मग तो रासायनिक बदल का?" मी म्हटलं, काच वितळवून पुन्हा पेला करता येतो. त्यावर तो म्हणाला, "आणि गाडीची बॅटरी? ती उतरते, पुन्हा चार्ज होते. म्हणजे आत नवीन काही तयारच होत नाही का?" तेवढ्यात तास संपला आणि मी "उद्या बघू" म्हणाले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. बॅटरी उतरते तेव्हा तिच्यातलं शिसं आणि शिशाचा डायऑक्साइड, दोन्हींचं लेड सल्फेट होतं. चार्ज करताना वीज देऊन आपण तीच अभिक्रिया उलटी फिरवतो. हे मीच वरच्या वर्गाला वेगळ्या धड्यात शिकवत होते आणि आठवीच्या फळ्यावर बरोबर त्याच्या विरुद्ध वाक्य लिहीत होते. दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी ते वाक्य पुसलं आणि त्या मुलाला सांगितलं की तुझा प्रश्न बरोबर होता, माझी व्याख्या चुकीची होती.

उलटवता येणं ही कसोटी नाहीच. फ्रान्सच्या लॅव्हॉझिए या रसायनशास्त्रज्ञानं पारा बंद उपकरणात 12 दिवस तापवत ठेवला होता. पाऱ्यावर लाल कण जमले. ते कण गोळा करून त्यानं आणखी जोरात तापवले, तर पारा परत मिळाला आणि सोबत एक वायू निघाला, ज्यात ज्योत भगभगून जळायची. 1789 साली त्यानं हे छापलं तेव्हा आकडेही दिले : 45 ग्रेन (ग्रेन हे वजनाचं जुनं, लहान माप) लाल पदार्थातून 41.5 ग्रेन पारा. उरलेलं वजन त्या वायूचं, म्हणजे ऑक्सिजनचं. बदल पुढे गेला आणि मागेही आला. तरी रसायनशास्त्रातला हा फार मोठा रासायनिक बदल आहे.

मग कसोटी कोणती? नवीन पदार्थ तयार झाला का, एवढीच. वाक्य लहान आहे, पण "नवीन पदार्थ" म्हणजे काय हे मुलांना डोळ्यांनी बघायला मिळालं पाहिजे. त्यासाठी मी मोरचूद, म्हणजे निळं कॉपर सल्फेट, निवडला, आणि आता दर वर्षी या धड्याची सुरुवात त्यानंच होते.

मोरचुदाचे स्फटिक तुम्ही हातात घेतले नसतील तर सांगते (हात नंतर स्वच्छ धुवायचे, ते पोटात जाणं वाईट). निळा रंग इतका खोल असतो की स्फटिकाच्या कडेला तो फिका वाटतो आणि मधोमध गडद. ते कोरडे असतात, बोटाला ओल लागत नाही. परीक्षानळीत चमचाभर स्फटिक घेऊन नळी चिमट्यात आडवी धरायची, तोंड किंचित खाली. तोंड खाली का, ते थोड्याच वेळात कळतं. ज्योतीवर धरल्यावर आधी तडतड आवाज येतो. मग कडांपासून निळा रंग फिकट व्हायला लागतो आणि नळीच्या थंड भागावर पाण्याचे थेंब जमतात. हा क्षण मला फार आवडतो. कोरड्या दगडातून पाणी निघालं! तोंड वर असतं तर तेच थेंब ओघळून तापलेल्या काचेवर आले असते आणि नळी तडकली असती. शेवटी उरते पांढरी, राखाडी झाक असलेली भुकटी.

नंतर हेच आम्ही चिनी मातीच्या मुशीत वजन करून करतो. 2.50 ग्रॅम निळे स्फटिक घ्यायचे, मंद आचेवर तापवायचे, थंड करायचे, वजन करायचं, पुन्हा तापवायचं, वजन बदलायचं थांबेपर्यंत. काटा 1.60 च्या आसपास स्थिरावतो. निळ्या स्फटिकाच्या वजनात शंभरातले 36 भाग पाणीच असतं. तांब्याच्या प्रत्येक आयनाला (म्हणजे विद्युतभार असलेल्या कणाला) चार पाण्याचे रेणू चिकटलेले असतात आणि पाचवा सल्फेटच्या बाजूनं धरलेला असतो. ते पाणी सुटलं की तांब्याभोवतीचे शेजारी बदलतात आणि रंग जातो. मग त्या भुकटीवर पाण्याचा एक थेंब टाकायचा. जिथे पडेल तिथे निळा डाग उमटतो, आणि मूस हाताला गरम लागते. आच कधीच बंद केलेली असते, तरीही.

इथे बदल उलटला आणि तरीही तो रासायनिक होता. आच मात्र फार मोठी ठेवली तर भुकटी काळी पडते. तो कॉपर ऑक्साइड, त्याच्यावर कितीही पाणी ओता, निळा रंग येत नाही. एकाच मुशीत, एकाच ज्योतीवर, एक परतीचा रासायनिक बदल आणि एक परत न येणारा.

रंग बदलला म्हणून रासायनिक, हेही मुलं लगेच धरून बसतात. त्यासाठी मी पांढरं झिंक ऑक्साइड तापवून दाखवते. ते पिवळं होतं, थंड झालं की आपोआप पांढरं. पाणी घालावं लागत नाही, आमच्या काट्यावर वजनातही फरक दिसत नाही. वजन कमी होणं हाही पुरावा नव्हे, ओला कपडा वाळतानाही हलका होतोच. रंग, बुडबुडे, उष्णता, साका (द्रावणातून वेगळा होणारा घन पदार्थ) या सगळ्या खुणा आहेत. खूण दिसली की शोध सुरू करायचा.

मेणबत्तीचा प्रयोग तर सगळेच करतात, पण बहुतेक जण मेण वितळतं ते भौतिक आणि जळतं ते रासायनिक एवढं सांगून ती विझवतात. खरी गंमत विझवल्यावर आहे. वात विझली की पांढरट धुराची दोरी वर जाते. पेटती काडी वातीपासून बोटभर वर त्या धुरात धरा. ज्योत धुरातून खाली उडी मारते आणि वात पेटते. तो पांढरा धूर म्हणजे मेणाची वाफ थंड होऊन झालेले बारीक कण. घन, द्रव, वाफ हे तिन्ही टप्पे मेण मेणच राहून ओलांडतं, आणि ज्योतीत जळते ती वाफ. तिथे मात्र मेण संपतं : एका ग्रॅम मेणापासून सुमारे 3.1 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड आणि 1.3 ग्रॅम पाणी तयार होतं. जास्तीचं वजन हवेतल्या ऑक्सिजनचं.

मेण किती अंशाला वितळतं हे मोजून झालं तरी मेण माझ्यापाशी शिल्लक असतं. ते जळतं का, हे बघायचं तर ते खर्चावं लागतं. भौतिक आणि रासायनिक गुणधर्मांतला फरक मी आता असाच सांगते.

मीठ पाण्यात विरघळणं हा भौतिक बदल असं पुस्तकात असतं आणि मीही तसंच शिकवते, पण मन पूर्ण मानत नाही. स्फटिकात सोडियम आणि क्लोराइडचे आयन एकमेकांना धरून असतात, पाण्यात ते सुटतात आणि त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू जमतात. ही रेघ माणसांनी ओढलेली आहे, आणि इथे ती पुसट आहे.

हे बोलत असताना यंदा एका मुलीनं विचारलं, मोरचुदाची पांढरी भुकटी पाण्यात टाकली तर ती विरघळली म्हणायचं की अभिक्रिया झाली? आम्ही दोन चंचुपात्रांत 50-50 मिलिलिटर पाणी घेतलं. एकात 4 ग्रॅम पांढरी भुकटी, दुसऱ्यात सव्वासहा ग्रॅम निळे स्फटिक, म्हणजे तांबं दोन्हीकडे सारखंच. थोडं ढवळल्यावर दोन्हीकडे अगदी सारखं निळं द्रावण झालं, कुठलं कोणतं हे ओळखू येईना. तापमापी मात्र पहिल्यात सात अंशांनी वर गेली होती आणि दुसऱ्यात अंशभर खाली.