इतकं चालतं, सर

गाडी पेट्रोल पिते याचं आपल्याला काही वाटत नाही. त्याच बोलीवर ती घरात आलेली असते. ऑइल मात्र तिनं नुसतं अंगाला लावून घ्यावं, प्यायला लागू नये, एवढीच आपली अपेक्षा. आणि प्यायला लागली की आधी कळतही नाही. पार्किंगमध्ये डाग पडत नाही, आवाज बदलत नाही. डॅशबोर्डवरचा तो लाल बुधलीचा दिवा ऑइल कमी झाल्यावर लागतो, असं बऱ्याच जणांना वाटतं. बहुतेक गाड्यांत तो लागतो ऑइलचं प्रेशर पडल्यावर. म्हणजे दिवा लागेपर्यंत इंजिनाला घरघर लागलेली असते.

आमच्या गाडीचं बिंग कुंभार्ली घाटात फुटलं. कराडहून चिपळूणला निघालो होतो, मागच्या गाडीत मेव्हणा. घाट गिअरवर उतरवला आणि पोफळीकडचा सरळ रस्ता लागल्यावर अ‍ॅक्सिलरेटरवर पाय दिला. पुढे चहाला थांबलो तर मेव्हणा उतरायच्या आधीच ओरडला, "दाजी, तुमची गाडी ऑइल खाती की! निळा लोट निघाला मागनं."

त्याचं बरोबर होतं. उतारावर पाय उचललेला असतो तेव्हा सिलिंडरमध्ये हवेची ओढ तयार होते. व्हॉल्व्हची सीलं कडक झाली असतील किंवा पिस्टनच्या रिंगा नीट बसत नसतील, तर त्या ओढीनं ऑइल आत येतं आणि पुन्हा पाय दाबला की भसकन जळतं. पाण्याची वाफ पांढरी, पेट्रोल जास्त झालं तर धूर काळा, ऑइलचा निळसर. टपरीसमोरच बॉनेट उघडलं, इंजिन जरा निवू दिलं, डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी बघायची पट्टी, काढून पुसली, परत घालून काढली. टोकाला, खालच्या खुणेच्याही खाली, एक काळपट थेंब लटकत होता. वरच्या आणि खालच्या खुणेत बऱ्याच गाड्यांना लिटरभराचं अंतर असतं. सर्व्हिसिंग होऊन फार दिवस झाले नव्हते.

वॉरंटी संपत आली होती, म्हणून पुण्याला परतल्यावर तडक डीलरकडे.

तिथला सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर म्हणजे इस्त्रीचा शर्ट आणि हातात टॅब्लेट. वाक्यागणिक 'सर'. मी तक्रार सांगितली, त्यानं ती अत्यंत सहानुभूतीनं ऐकली आणि जॉब कार्डवर लिहिलं, 'जनरल चेकअप.' म्हटलं, "अहो, ऑइल कमी होतंय असं लिहा." तो टॅब्लेटवर बोट फिरवत राहिला. ब्रेकचा आवाज, एसी थंड होत नाही, पिकअप कमी, सस्पेन्शनमधून खडखड, सगळं होतं. ऑइल खाण्याचा पर्यायच त्या यादीत नव्हता. शेवटी खालच्या रिकाम्या चौकटीत माझ्यासमोर टाइप करायला लावलं आणि छापील प्रत घेतल्याशिवाय किल्ली दिली नाही. वॉरंटीच्या काळात तक्रार नोंदली गेली की नाही, एवढ्यावर पुढे सगळं अडतं. तोंडी सांगितलेलं टॅब्लेट ऐकत नाही.

संध्याकाळी निकाल आला. "इतकं चालतं, सर. मॅन्युअलमध्येच आहे."

मॅन्युअलमध्ये खरंच होतं. हजार किलोमीटरला अर्धा लिटरपर्यंत ऑइल लागू शकतं, असं बारीक टायपात. मी तिथेच हिशेब मांडला. सर्व्हिसिंग दहा हजाराला, म्हणजे मध्ये पाच लिटर. आमच्या इंजिनात मुळात मावतं साडेतीन. जेवढं आत आहे त्याच्या जवळजवळ दीडपट वरून ओतत राहिलो तरी कागदोपत्री गाडी ठणठणीत! "लिहून द्या, की हे नॉर्मल आहे," म्हटल्यावर मात्र ते मॅनेजरशी बोलायला गेले.

थोडं ऑइल प्रत्येक इंजिन जाळतंच, हे खरं. पिस्टनला साधारण तीन रिंगा असतात. वरच्या दोन दाब धरतात, तिसरी सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल खाली निपटते आणि पातळसा थर मागे ठेवते. तो थर जळणारच. पण मायलेज वाढवायचं म्हणून घर्षण कमी करायचं, त्यासाठी रिंगांचा ताण कमी ठेवायचा, ऑइल पातळ घालायचं, असं होत आलंय. त्या तिसऱ्या रिंगेच्या खोबणीतली भोकं कार्बननं बुजली की रिंग चिकटते आणि निपटायचं काम बंद पडतं. टोयोटानं अमेरिकेत आपल्या एका इंजिनासाठी हे मान्य करून पिस्टन आणि रिंगा फुकट बदलून दिल्या होत्या. तिथली रेघ होती 1200 मैलांना एक क्वार्ट, म्हणजे 1900 किलोमीटरला लिटरभर. माझ्या मॅन्युअलच्या हिशेबानं हजाराला अर्धा लिटर. फार लांब नाही, पण तिकडे ती रेघ ओलांडली की काम निघायचं, इथे तिच्या आत आहात म्हणून घरी जा.

खरं बोलला तो काचेपलीकडचा फिटर. ट्रायलला माझ्याशेजारी बसला होता, गेटबाहेर पडल्यावर हळूच म्हणाला, "साहेब, स्पार्क प्लग काढायला सांगा. एक ओला निघणार." वर्कशॉपला मोठी काच असते, गिऱ्हाइकाला आपली गाडी दिसावी म्हणून. दिसतं सगळं, पण गाडीला हात लावणाऱ्याशी बोलता येत नाही आणि जो बोलतो त्याच्या नखात ग्रीस नसतं. मला त्या अ‍ॅडव्हायझरचा राग फार वेळ धरता आला नाही. डीलर वेगळा, कंपनी वेगळी. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनी देणार, तेही पुरावा पाहून. मंजुरीआधी इंजिन खोललं तर खर्च डीलरच्या बोडक्यावर. तेव्हा 'इतकं चालतं' हे बिचाऱ्याचं मत नव्हतंच, त्याची ड्यूटी होती.

प्लग काढले. तिसरा ओला निघाला, टोकाला काळा लेप, म्हणजे त्या सिलिंडरमध्ये ऑइल येत होतं. मग कंपनीला ईमेल गेली आणि कन्झम्प्शन टेस्ट ठरली. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरायचं, खालचा बोल्ट, फिल्टर, वरचं झाकण, डिपस्टिक, सगळ्यावर पिवळ्या रंगाच्या रेघा मारायच्या आणि हजार किलोमीटर चालवून आणायची. मी चोरून ऑइल काढून घेईन, अशी शंका त्या रेघांमध्ये स्पष्ट दिसत होती! ग्राहक हेल्पलाइनचा 1915 नंबर कागदावर लिहून खिशात ठेवला होता, पण काढायची वेळ आली नाही. रेघा जशाच्या तशा होत्या आणि ऑइल मॅन्युअलच्या अर्ध्या लिटरपेक्षा बरंच जास्त गेलं होतं.

मंजुरी आली, हेड उतरलं, रिंगा बदलल्या. गाडी घ्यायला गेलो तेव्हा बिल तयार होतं. लेबर शून्य, पिस्टन रिंग शून्य, गॅस्केट शून्य. खाली एकच रक्कम, इंजिन ऑइल.

"ते कन्झ्युमेबलमध्ये येतं, सर. वॉरंटीत बसत नाही."

म्हटलं, "ते तर तुमच्या इंजिनानं कन्झ्यूम केलं!"

पुन्हा मॅनेजर. निम्म्यावर मिटलं.